फान साहेब पडतील, असं मी म्हणालो होतो

आयु. ज्योत्स्नाताईस, धाकट्या विश्वजीतचा बहारीनमधल्या सित्र्याहून सप्रेम जयभीम.

भाऊजींचा गुडघा आणि तुझा बीपी, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. इकडे ऊन आहे, एसी आहे, म्हणून सर्दीही आहे. तुझा मेसेज मिळाला. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, वस्ती मागे लागली आहे, भाऊजी गप्प आहेत आणि "तू हो म्हणालास तरच फॉर्म भरते", असं लिहिलंस. माणसाला एवढा मान देऊ नये. माझं उत्तर "नाही" असं आहे. फोनवर कारण सांगता येत नाही (तू मध्ये बोलतेस), म्हणून लिहितो.

आमच्या प्लांटवर तैवानचे फान साहेब होते. पंप बसवायला आले आणि काही वर्षं माझ्याच केबिनमध्ये बसले. माणूस इतका सरळ की काम बिघडलं तर माझ्यामुळे बिघडलं असं स्वतःहून सांगायचा. एके दिवशी म्हणाले, नोकरी सोडतो, गावी जाऊन निवडणूक लढवतो. मी हितचिंतक म्हणून स्पष्ट सांगितलं, तुम्ही पडाल. तिकडे उमेदवार सकाळी अंगावर नावाचा पट्टा घालून रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि जाणाऱ्या गाड्यांना वाकून नमस्कार करतो म्हणे. फान साहेब पडले लाजाळू; सराव म्हणून प्लांटच्या गेटवर कामगारांच्या बसगाड्यांना वाकू लागले. आमचा ड्रायव्हर अन्सार भला माणूस. त्याला वाटलं, बिचाऱ्याची बस चुकली. "यल्ला, बैठो!" म्हणत त्यानं त्यांना आत घेतलं आणि भलत्याच कंपनीच्या दारात सोडलं. नको म्हणणं साहेबांना जमलं नाही. (आणि हे राजकारण करणार!)

तर ते गावच्या नगरपालिकेत निवडून आले. मी म्हटलं, गाव लहान, निम्मे नातेवाईकच असतील. मग जिल्ह्याला उभे राहिले. आता मात्र पडाल, असा मी मेसेज केला. जिल्ह्याचे प्रमुख झाले. मंत्रिपदासाठी नाव चर्चेत आल्यावर मी कळवलं की शेवटी तुमचं नाव कापतील. गेल्या महिन्यात मंत्री झाले, पाणीपुरवठा खातं. फोटोत अंगावर कोट तोच, केबिनच्या खुंटीला असायचा तो.

यावरून तुला पटलं असेल की राजकारण साध्या माणसाचं काम नाही. एखादे फान साहेब निघतात. तू नळावरचं भांडण सोडवायला जातेस आणि दोन्ही बाजूंना चहाला घरी घेऊन येतेस. समोर पैसा ओतणारे असतील, गोड बोलून मतं फोडतील. हरल्यावर तू चेहरा हसरा ठेवशील आणि मोरीत जाऊन रडशील, आणि मी इथं समुद्रापलीकडे. मला भीती वाटते ताई, दुसरं काही नाही.

मोठ्यांना जयभीम, पोरांना अभ्यास करा म्हणावं.

तुझा
विश्वजीत

ता. क. : हे पत्र भाऊजींना दाखवू नकोस. ते लगेच सहमत होतील.

आणखी एक ता. क. : पत्र पाठवण्याआधी फान साहेबांनाच विचारलं, ताईला काय सांगू? मंत्री झाले तरी उत्तर लगेच आलं. म्हणाले, मला दर वेळी जे सांगायचास तेच सांग. तेव्हा ताई, नीट ऐक. तू पडशील. साफ पडशील, डिपॉझिटही जाईल. (ही अंधश्रद्धा नव्हे, अनुभव आहे.) फॉर्म भर. रजा मंजूर झाली आहे, प्रचाराला येतो. फक्त माईक माझ्या हातात देऊ नका.