या, बसा, जेवून जा

५ जुलै, तांबरम

जयंती, हे वाचते आहेस ना? की चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते आहेस? माझ्या पिशवीत गुडघ्याचं तेल घालायला विसरलीस आणि लिंबाच्या लोणच्याच्या बरण्या मात्र दोन भरल्यास. उद्या मला इथं कशाला पाठवलंस तेही विसरशील, म्हणून आधीच सांगून ठेवते: तुझा लेक नवीन नीट जेवतो की नाही ते बघायला.

मला अक्षर येत नाही, पण फोनला येतं. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, बाकीचं तो बघतो. रोज जेवणं आटोपली की तुला दिवस सांगायचा असं ठरवलंय.

घर तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून लोकलगाड्या दिसतात. वारा छान. स्वयंपाकघरात एक भांडं, एक चमचा आणि नूडल्सची पाकिटं. मी येताच कोपऱ्यावरून तांदळाची पिशवी आणवली. डाळ-खोबरं घालून दोडक्याचं कूट्टू आणि ताकभात केला. पोराने दोनदा मागून घेतला, बोटं चाटली. म्हातारी कामाची आहे, कळलं का.

८ जुलै

ऑफिसचं काम उरकलं की तुझा मुलगा एका गेममध्ये जाऊन बसतो. डोंगर, किल्ले, आग ओकणारे अजगर, आणि गावंच्या गावं माणसं. ती शेतावर जातात, गप्पा मारतात, झोपतात. गेम दुसऱ्याने केलेला, पण हा त्यात आपल्या मनासारखे बदल करतो. त्याला मॉड म्हणतात. मला समजलं ते असं, की आयता ब्लाउज आणायचा, उसवायचा आणि आपल्या मापाला शिवायचा. या खेपेला त्याने बर्फातल्या एका खेड्यात आपलं तंजावरचं घर उभं केलंय, दारापुढच्या ओट्यासकट. ओट्यावर एक म्हातारी. नाक माझं दिलंय. कंबर कुणाची दिली देव जाणे, माझी इतकी बारीक लग्नातही नव्हती.

म्हातारीला आवाज हवा होता. मी दिला. कुणी दारावरून गेलं की ती म्हणते, ‘या, बसा, जेवून जा.’ माणसं येतात, पानावर बसतात. मग तिने दुसरं वाक्य म्हणायचं, की आता काही उरलं नाही, निघा. ते ऐकलं की ती उठून आपापल्या कामाला लागणार. पण त्या वाक्यात तो शब्द होता. तुला ठाऊक आहे कुठला. डब्यात दाणा नसला तरी आपण ‘तांदूळ वाढले’ म्हणतो, तो शब्द वाढणारीच्या तोंडी येत नाही. तो आला की घरातलं खरंच जातं. मी साफ नाही म्हटलं. त्याऐवजी म्हटलं, ‘सावकाश होऊ द्या.’ नवीन खूप हसला आणि त्या जागी तेच घातलं.

१२ जुलै

आमचं घर गेममध्ये फार गाजतंय. आधी खेड्यातले लोक आले. मग लांबच्या शहरातले. आज किल्ल्याचे पहारेकरी वेशी उघड्या टाकून आले. म्हातारी म्हणते सावकाश होऊ द्या, त्यामुळे कुणी उठतच नाही. नवीनला गंमत वाटते.

मला वाटत नाही. कारण पानं रिकामी आहेत. त्याने अन्न अजून केलेलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या मॉडमधून भात आणून बघितला, तर पानावर जांभळा ठोकळा आला, फाईल सापडत नाही म्हणे. आणि ती सगळी माणसं त्या ठोकळ्याकडे बघत बसलीत.

जेवायला मीच बोलावलं ना गं. बोलावून रिकाम्या पानावर बसवलं. आपल्या घराण्यात असं कुणी केलं नव्हतं.

१५ जुलै

नवीनला भूक लागते. तू म्हणशील, बरंच झालं. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. डोसे घालता घालता माझा हात दुखला तरी ताटात काही राहत नव्हतं, आणि मी शेजारणीला कौतुक सांगत होते.

आज त्याची पँट कमरेवरून घसरली. गालाची हाडं वर आलीत. भरलं ताट रिकामं करून, तोंड पुसून, तो मला म्हणाला, “आजी, वाढ ना. सकाळपासून काही दिलं नाहीस.”

मी गेममध्ये डोकावले. जांभळा ठोकळा नव्हता. पानांवर भात होता, आणि बीन्सची उसळी, वाटलेली डाळ परतून आज मी केलेली. थोडी करपली होती. तिथेही करपलेलीच होती.

१६ जुलै

सकाळी सगळं सांगितलं त्याला. हसला नाही. मॉड काढून टाकला. घर गेलं, ओटा गेला, म्हातारी गेली. माणसं तिथेच, उघड्या बर्फावर, पंक्तीत. सेव्ह केलेल्या खेळात माझं वाक्य मुरलंय म्हणाला, काढून निघत नाही. सेव्ह पुसला. पुन्हा उघडला तर — तिथेच.

तोंडं आता आमच्याकडे केलीत त्यांनी.

एकच उपाय राहिला म्हणतो. दुसरं वाक्य. खरं वाक्य, माझ्या आवाजात. माईक माझ्यापुढे धरला. मी तोंड उघडलं. जयंती, तुझ्या पोटच्या पोरासाठी एक शब्द, आणि माझी जीभ हलली नाही. त्याने माईक खाली ठेवला. रागावलासुद्धा नाही. त्यापेक्षा रागावला असता तर —

१७ जुलै

दुपारी त्याला उठवेना. पाणीसुद्धा ओठांवरून — गिळलेलं दिसतं, पण ओठ कोरडे.

मी म्हटलं. हातात भाताचा झारा होता, तो ठेवायचं भान नव्हतं. माईक तोंडाशी ओढून म्हटलं, जेवण संपलं, आता निघा.

उठले. सगळे. एकदम, पंगत उठते तसे. नुसतं बर्फ राहिलं. नवीनने डोळे उघडले, अर्धी इडली खाल्ली, आणि ती त्याच्याच पोटात गेली. मी रडले. वाटलं, सुटलो.

१८ जुलै

तांदळाची पिशवी रिकामी. काल अर्ध्याहून जास्त होती. मीठ नाही. तेल नाही. तुझ्या दोन्ही बरण्या — धुतल्यासारख्या.

झारा हातात धरून म्हटलं ना मी. आपल्या चुलीसमोर. दोन्हीकडे लागू झालं.

नवीनने दुकानातून दही आणलं. पिशवी उघडली तर आत काही —

निघा म्हटलं त्यांना. कुठे निघा, ते सांगितलं नाही. उपाशी माणूस कुठे जातो?

१९ जुलै

जिन्यात पावलं. खूप. घाई नाही कुणाला. सावकाश —

दार मी लावलंय. नवीन माझ्या मांडीवर आहे. हलका झालाय गं, लहानपणी होता तसा. तू जेवायला घाल म्हणून पाठवलंस, आणि मी —

दाराबाहेर बाई बोलते आहे. माझा आवाज. या, बसा, जेवून जा. त्याला बोलावते आहे. तो मान उचलतो आहे, भूक लागलीय त्याला —

नको रे कण्णा, नको बाळा, तिचं पान रिकामं —

जयंती, ऐक, हे विसरू नकोस. तू येऊ नकोस. चिंचेचा भात पाठव, मोठ्या पातेल्यात, शेंगदाणे सढळ हाताने घाल, सगळ्यांना पुरेल इतका, आणि त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात दहीभात, वरून डाळिंबाचे दाणे घालून, झाकण घट्ट लाव, आणि झाकण लावताना तोंडाने तो शब्द —