मलम सगळ्या घराला

॥ श्री ॥
धार, १६ मार्च १९५४

चि. सौ. विद्युल्लतेस उमाशंकरचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणतेस की दादाला बहीण फक्त संक्रांतीला आणि आजारपणात आठवते. संक्रांत होऊन गेली, तेव्हा समजून घे. दोन्ही धाकट्या मुलांच्या अंगाला खाज सुटली आहे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांना, कमरेला बारीक फोड आले आहेत. स्वतः झोपत नाहीत, घराला झोपू देत नाहीत. इंदूच्या साखरपुड्याला आम्ही देवासला आलो होतो, तिकडून परतल्यावर हे सुरू झाले.

लग्न वैशाखात आहे. इंदूच्या सासूबाई रुक्मिणीबाई तुझ्याच गल्लीत राहतात, त्यांची टापटीप तू रोज पाहतेस. मुलीच्या घरी खरूज आहे याची कुणकुण जरी त्यांना लागली तरी सोयरीक मोडेल. मागे एका स्थळाने नुसत्या पत्रिकेवरून नकार दिला, तेव्हा पोर धड जेवत नव्हती. पुन्हा तसे झाले तर माझ्याने पाहवणार नाही.

म्हणून तुझ्या दुकानातून सल्फाच्या गोळ्या किंवा ते नवे पेनिसिलिन, जे जोरदार असेल ते दोन मुलांपुरते पाठव. पुडक्यावर दुकानाचे नाव नको. इथल्या डॉक्टरांकडे गेलो तर दिवेलागणीपर्यंत सारे धार जाणेल. भास्कररावांस नमस्कार. तू धाकटी असून नेहमी मोठेपणा करतेस, तो या वेळी कामी येऊ दे.

उमाशंकर

॥ श्री ॥
देवास, १९ मार्च १९५४

ती. दादांस विद्युचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गोळ्या मिळणार नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या मी सख्ख्या भावालाही देत नाही, आणि चिठ्ठी आणलीत तरी खरजेला त्यांचा उपयोग नाही. सकाळी दुकान उघडलं की दारात कुणीतरी उभं असतंच, ‘बाईसाब, वो तेज वाली गोली दे दो.’ गळू झालं, डोळे आले, सर्दी झाली, सगळ्याला तेज गोली. मी शेक सांगितला, बोरिकचं पाणी दिलं की तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात जातात. तुम्हाला मात्र त्यासाठी धारहून यावं लागेल.

खरूज म्हणजे कातडीत घर करणारा किडा. त्याला बिनचिठ्ठीचं औषध आहे, गंधकाची पूड व्हॅसलीनमध्ये घोटून केलेलं मलम, आणि ते मी स्वतः खलते. डबा मोठा पाठवते आहे, कारण मलम दोन मुलांना नाही, सगळ्या घराला लावायचं आहे. खाजत असो वा नसो. मानेपासून तळपायापर्यंत, लागोपाठ तीन रात्री, मग साबण लावून स्नान. अंगावरचे आणि अंथरुणाचे सगळे कपडे उकळायचे. एक जण जरी राहिला तरी सगळं मुसळ केरात. फोडांत पू झाला किंवा ताप आला तर माझ्या मलमावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा. अब्रू मुलापेक्षा मोठी नाही.

सुरुवात रंगपंचमीच्या रात्रीच करा. त्या दिवशी सारा माळवा अंग घासतो आणि कपडे उकळतो. तुमच्या अंगणातला हंडा पाहून कुणी काही विचारणार नाही. याला आणखीही एक कारण आहे, ते मी सांगणार नाही.

आणि रुक्मिणीबाईंना कळवा. साखरपुड्याला दोन्ही घरांची पोरं एकाच सतरंजीवर झोपली होती. वहिनीच्या लोणच्याची बरणी संपली आहे. औषधाच्या बदल्यात ती भरून पाठवावी आणि धाकट्या बहिणीवर रागवू नये.

आपली,
विद्यु

॥ श्री ॥
धार, २ एप्रिल १९५४

चि. सौ. विद्युल्लतेस आशीर्वाद. वि. वि.

तुझे मलम लावले. तीन रात्री घरात दिवाळीच्या फटाक्यांचा वास कोंदला होता. थोडे दिवस बरे गेले आणि आता मुलांच्या बेचक्यांत पुन्हा नवे फोड. तेव्हा तुझी विद्या इथे थकली असे म्हणावे लागते.

मी लावले नाही, कारण मला खाजत नाही. जन्मभर संस्थानची नोकरी केलेल्या माणसाने अंगाला गंधक फासून बसायचे, हे काय शोभते? बाकी सगळ्यांनी लावले. कपडेही उकळले. मुकटा अर्थातच नाही. रेशमी सोवळे कुणी उकळते का? तो देवघरात खुंटीवर वेगळा असतो, त्याला कुणी शिवतदेखील नाही. पूजेला मी नेसतो आणि माझ्यानंतर नैवेद्याला मुले आलटून पालटून नेसतात, तेवढेच.

रुक्मिणीबाईंना कळवण्याचे पुन्हा नाव काढू नकोस. तू परस्पर कळवलेस तर भावाचे घर तुला बंद. लोणचे पाठवले आहे. रागात लिहिले असले तरी आशीर्वाद खरा आहे.

उमाशंकर

॥ श्री ॥
देवास, ५ एप्रिल १९५४

ती. दादांस सा. न. वि. वि.

मुकट्याला कुणी शिवत नाही. फक्त तीन माणसं तो अंगाला गुंडाळतात! दादा, तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग इतका संताप आला की खल हातातून खाली ठेवला.

किडा सोवळं-ओवळं पाळत नाही. पहिल्या खेपेला खाज सुटायला तीन-चार आठवडेसुद्धा लागतात. तोवर तो कातडीत निमूट राहतो आणि दुसऱ्याकडे जातो. खाजत नाही असं म्हणणारा माणूसच घरात सगळ्यात धोक्याचा. माझी खात्री आहे की तो तुमच्या अंगावर आहे आणि रोज पूजा झाली की तुम्ही तो मुलांच्या हवाली करता. मुकटा उकळू नका. गाठोडं बांधून आठवडाभर माळ्यावर टाका. माणसाचं अंग मिळालं नाही की किडा दोन-तीन दिवसांत मरतो. तोवर धूतवस्त्र नेसून पूजा करा, देव रागावणार नाही. आणि रामनवमी झाली की पुन्हा सगळ्या घराला मलम. ‘सगळ्या’ म्हणजे कोण, ते आता लिहायला लावू नका.

रुक्मिणीबाईंना मी कळवणार नाही. तुमच्या धमकीमुळे नाही. दुकानातून कोण काय नेतं ते उंबऱ्याबाहेर जात नाही, भावाचं असो की परक्याचं. पण तुम्ही कळवावं हे मी शंभरदा सांगेन. लपवलेली गोष्ट पदराला बांधून इंदू सासरी जाणार आणि जन्मभर भीत राहणार. ती माझ्या मांडीवर वाढली आहे. तिचं मोडलं तर मलाही तुमच्याइतकंच रडू येईल.

उद्धटपणा पोटात घालावा. मलमाचा दुसरा डबा सोबत आहे.

आपली,
विद्यु

॥ श्री ॥
धार, १५ एप्रिल १९५४

ती. सौ. विद्युआत्यास इंदूचा सा. न. वि. वि.

बाबांना चष्मा सापडत नव्हता, म्हणून तुझं पत्र त्यांनी मला वाचायला सांगितलं. मुकट्याच्या जागी आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा तिथूनच उठून गेले. पुढचं, माझ्याबद्दलचं, मी एकटीनंच वाचलं.

त्याच दुपारी मी सासूबाईंना पत्र टाकलं. बाबांना विचारलं नाही. आमच्याकडे खरूज आहे, औषध चालू आहे, तुमच्या मुलांनाही लागली असेल तर सगळ्या घरानं लावून घ्या, आणि हे कळल्यावर मी नकोशी झाले तर आत्ताच सांगा, असं लिहिलं.

उत्तर आलं. त्या लिहितात की खाज मुळात त्यांच्या पोरांना होती. साखरपुड्यात ती त्यांनी झाकली. मग ती आमच्या घरी गेली असेल या धास्तीनं त्या तुझ्या दुकानात आल्या आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ तुला घातली. रंगपंचमीच्या रात्री त्यांच्याही घरानं मलम लावलं! ‘इंदू, तू धीर केलास, मला झाला नाही, आता मुहूर्त बदलायचा नाही,’ असं शेवटी लिहिलं आहे.

मी ते पत्र बाबांपुढे ठेवलं. त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं. मग स्वतः मुकटा काढून गाठोड्यात बांधला आणि आईला म्हणाले, डबा आण. पाठीला मी लावून दिलं. वासाला नाक मुरडत होते, पण बसून राहिले.

आत्या, तुला दोन्हीकडचं ठाऊक होतं. आम्हाला इतकं घाबरलेलं पाहून तुला गप्प कसं राहवलं? लवकर लिही, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
इंदू

॥ श्री ॥
देवास, १८ एप्रिल १९५४

चि. इंदूस विद्युआत्याचे अनेक आशीर्वाद.

राहवत नव्हतं. रोज पोस्टमन समोरून गेला की खल सोडून दाराशी यायची. एक शब्द बोलले तर सगळ्यांचा घोर मिटेल, हे मलाही दिसत होतं. पण तो शब्द एकदा बोलले की उद्या देवासमधलं कुणी आपलं अंगावरचं दुखणं घेऊन माझ्या दारात येणार नाही. लपवून खाजवत बसतील, किंवा ती तेज गोली गिळतील. म्हणून मला जेवढं करता आलं तेवढं केलं, मलमाची रात्र एक ठरवली. उरलेलं तू केलंस. मला तुझा फार अभिमान वाटला, पोरी.

तुझ्या सासूबाईंनी काय लिहिलं ते त्यांचं आणि तुझं. माझ्याकडून त्यांनी काही नेलं का, हे मी आजही सांगणार नाही आणि तुझ्या लग्नातही नाही.

दादांना सांग, रात्री तीन म्हणजे तीनच, एकीवर भागणार नाही. उरलेली खाज पंधरा-वीस दिवस रेंगाळते, तिला भिऊ नका. नवे फोड आले नाहीत की झालं. आणि लग्नात दोन्ही घरांच्या पोरांना खुशाल एकाच सतरंजीवर झोपवा. सतरंजी मी स्वतः घालीन.

तुझी,
आत्या