गुलाबी डोक्याच्या बदकाबद्दल दादास

पनवेल, मंगळवार

तीर्थरूप दादास,

माधुरीचा वाकून नमस्कार (कंबर सांभाळून, जितकं वाकता येतं तितकंच). तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले, डॉक्टर चाला म्हणतात आणि तू गॅलरीपलीकडे जात नाहीस, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. आता पाहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून दुर्बीणही कोणाला तरी देऊन टाकणार आहेस म्हणे. त्यावर मी काही बोलणार नाही. काय झालं तेवढंच सांगते.

मागच्या बुधवारी शेजारची हेतल मला स्कूटरवर बसवून ओवे गावच्या तळ्यावर कमळं आणायला घेऊन गेली. तिथे लव्हाळ्यात, दादा, मला गुलाबी डोक्याचं बदक दिसलं. तेच, पाऊणशे वर्षांत कोणी खात्रीने न पाहिलेलं! चौथीत माझ्या शाळेच्या प्रदर्शनासाठी तू ज्याचं चित्र काढून दिलंस, आणि गुलाबी खडू संपला म्हणून आईच्या कुंकवात दूध कालवलंस. वर्गावरच्या सिस्टरनी ते वर्षभर भिंतीवर लावलं होतं, खाली ‘आता नाहीसे’ असं लिहून. मी रोजच्या प्रार्थनेत त्याच्यासाठी गुपचूप एक ओळ घालायचे, हे तुला कधी सांगितलं नाही.

नीट दिसावं म्हणून मी चपला काढून पाण्यात उतरले. चिखलाने गुडघ्यापर्यंत पाय धरले ते सोडीना. हेतल काठावरून ओरडतेय, ‘आंटी, मरू दे ते बदक, आधी बाहेर या!’ (इतकं अमंगळ बोलणं, आणि तेही जातीत कदाचित एकट्याच उरलेल्याबद्दल!) तोवर बदक लव्हाळ्यात पार आत शिरलं. शेवटी गावातली गंगू धावत आली, तिने काखेत हात घालून मला मुळ्यासारखं उपटलं, आणि मी कशासाठी उतरले ते ऐकून इतकी हसली की दोघी पुन्हा आत गेलो असतो.

‘ओ बाय, ते माजं बदक हाय! डोक्याला रंग मीच लावते. पल्याडच्या शांतीची हिरवी, माजी गुलाबी. नायतर सांजच्याला कोन कोनाचं कसं कलनार? तुमी एवढ्या शिकलेल्या ना?’

(हिरव्या डोक्याच्या पाचांची मी आधीच वहीत रानबदकं म्हणून नोंद केली होती. खोडली.)

तरी तेव्हापासून मनात एकच येतं. कोणी पाहिलं नाही म्हणजे उरलंच नाही, हे कोण ठरवतं? दलदलीत रोज उतरतात ती गंगूसारखी माणसं, आणि त्यांना कोणी विचारत नाही. तू म्हणशील, माधुरी, इच्छा म्हणजे पुरावा नव्हे. मान्य. पण इच्छाच नसेल तर पुरावा शोधायला जाणार कोण?

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
माधुरी

ता. क. दुर्बीण कोणाला देऊ नकोस. घेऊन इकडेच ये. आमच्याकडे लिफ्ट आहे, आणि तळ्यापर्यंत रिक्षा जाते. वहिनींनी तुझी बॅग भरायला घेतली आहे, त्यांच्यावर चिडू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तोच हेतलच्या मागोमाग गंगू दारात आली. त्या बुधवारी तिची सून खुराडं उघडायलाच विसरली होती. तिची तिन्ही बदकं दिवसभर आतच कोंडलेली. ‘मंग तुमी काय पायलं, बाय?’ असं विचारत होती. हसत नव्हती.