माझ्या जागरणातला पहिला प्रयोग

परमेश्वराला साक्षी ठेवून मी, युफ्रोसिना बालतासार, वय चौसष्ट, अविवाहित, राहणार सांपालोक, मनिला, माझी अखेरची इच्छा लिहीत आहे. शरीर थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. दडपण कोणाचे नाही. घाई मात्र आहे. ईस्टरनंतरचे काही विचारले की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात.

घर माझी धाकटी बहीण पुरिता हिला, एका अटीवर. मी गेल्यावर शवपेटीपाशी रात्रभर बसतात त्या जागरणात, याच अंगणात, मी लिहिलेली संगीतिका शेवटपर्यंत होऊ द्यावी.

ती आम्हा बोडाबिलवाल्यांची आहे. दोन सिनेमांच्या मध्ये नाचून-गाऊन आम्ही लोकांना हसवायचो. मग घरोघरी टीव्ही आला. आधी आमचे दिवे कमी झाले, मग पगार, मग आम्हीच. संगीतिकेत म्हातारे नट रिकाम्या थिएटरात एकमेकांसाठी टाळ्या वाजवतात. विनोदी आहे. ती घेऊन मी प्रत्येक थिएटरमालकाचे दार वाजवले. शेवटचा म्हणाला, "आजी, म्हातारे बघायला लोक तिकीट का काढतील? घरी फुकट असतात की!" वाक्य चांगले होते. मी ते दुसऱ्या अंकात घातले आणि घरी येऊन रडले.

जागरणाला मात्र अख्खी गल्ली येते. पत्ते असतात, आल्याचा चहा असतो, आणि मृताला पाठ दाखवून कोणी लवकर उठत नाही. एवढी गर्दी मला दुसरीकडे मिळणार नाही.

पुरिता म्हणते, "ताई, शवपेटीसमोर तंगड्या उडवणार हे म्हातारे? कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांना तोंड कसं दाखवू?" रोझरीची प्रार्थना आधी, प्रयोग नंतर. मला गायला सिस्टर बेनिग्नानेच शिकवले. ती वर रागावणार नाही.

माझी भूमिका आणि पिसांचे पंखे मिलाग्रोसला. तिने माझा पंख्यांचा नाच चोरला आणि माझ्याहून चांगला केला. हे तिला माझ्या देखत वाचून दाखवू नये.

आमचा ड्रमवाला इस्को नाताळात गेला. बाकीच्यांनी कृपा करून माझ्याआधी मरू नये. हात जोडते.

पियानो डोरिंगला ठेवला होता. तीस वर्षे तो मंचावर माझा नवरा होता. मंचाबाहेर त्याने लग्नाचे कधी विचारले नाही. पण मृत्युपत्राला साक्षीदार तीन लागतात, आणि मढ्यासमोरच्या नाचाच्या कागदावर सही द्यायला गल्लीत दोघेच तयार झाले, तिसरा मिळेना. आणि साक्षीदाराला वारसा मिळत नाही, असे वकील सांगतात.

"मग पियानो राहू दे," डोरिंग म्हणाला. "आण इकडे पेन."

"नीट विचार कर. विकलास तर वर्षभर जेवशील."

"जेवण सोड गं. मी विनोद करायचा आणि तू समोर गप्प पडून राहायचं? ते कसं जमायचं मला?"

"रिकाम्या खुर्च्यांसमोर जमवलंस ना?"

"तेव्हा विंगेत तू हसायचीस."

मी पेन पुढे केले. त्याने सही केली.

पियानो पुरिताला. प्रयोगाआधी विकू नये.

साक्षीदार: आनासेतो लिवानाग, औषधविक्रेता
साक्षीदार: फेलिसिदाद टोंगको, धोबीण
साक्षीदार: तियोडोरो 'डोरिंग' काबिग्टिंग, नट

युफ्रोसिना बालतासार
मनिला, १६ फेब्रुवारी १९६७