दांडीवरची पिशवी

३ मार्च, सोमवार
मशीन आलं एकदाचं! मोठ्या रोलवरचा प्लॅस्टिकचा कागद सोडवून छोट्या रोलांवर गुंडाळायचा, एवढंच काम. पण ओढ जास्त झाली की कागद तुटतो, कमी झाली की रोल ढिला पडून त्याचं पोट बाहेर येतं. फोरमननी सगळ्यांसमोर सांगून टाकलं - शनिवारी गिऱ्हाईक येणार. रोल सरळ निघाले तर मशीन माझ्या ताब्यात, नाहीतर शेजारच्या मशीनवरच्या मिशीवाल्याच्या. तो तेव्हापासून मिशीला पीळ देत फिरतोय.
गडबडीत डबा घरीच राहिला. आणि गेटवर कोण, तर बाबा! आई गेल्यापासून त्यांनी जिना उतरला नव्हता. घामाघूम झालेले, पण ऐट बघावी. मला रडूच आलं.

४ मार्च
दोन रोलांच्या मध्ये एक झुलती दांडी आहे. तिच्यावरच्या वजनाने कागद ताणलेला राहतो. दांडी खाली गेली की मोटर जोरात गुंडाळते, वर आली की हळू. दांडीचं एक टोक माझ्याकडे, तिथे वजनं. दुसरं पार मागच्या दाराशी.
डबा आजही विसरले. मी मशीन पुसेपर्यंत बाबा पिशवी ठेवून वॉचमनशी गप्पा मारायला गेलेसुद्धा. मग वजनं लाव, काढ, पुन्हा लाव. शेवटी रोलवर टकटक केली तर काय खणखणीत आवाज, म्हणजे रोल घट्ट! जेवायच्या सुट्टीत बाबाच पिशवी घेऊन बाकावर हजर.
जेवून आले आणि सगळे रोल ढिले. वजनांना तर हात लावला नव्हता!

५ मार्च
तेच. सकाळी झकास, दुपारी पोट बाहेर. इलेक्ट्रिशियनने मोटर तपासली, तिला काही झालेलं नाही. मिशीवाल्याचं निदान असं की जेवल्यावर मला पेंग येते. पेंग म्हणे! डोळ्यांत तेल घालून बसले होते.
डबा विसरल्याबद्दल बाबांनी आज फैलावर घेतलं. ‘डोकं तरी नेतेस ना बरोबर?’

६ मार्च
बाबांचा गुडघा दुखतोय, आले नाहीत. म्हणजे डबाही नाही. इलेक्ट्रिशियनने अर्धा पाव दिला, देव त्याचं भलं करो.
आणि आज सकाळपासूनच रोल ढिले! उपाशीपोटी कसली आलीय पेंग? मग सकाळी आज काय नव्हतं? संध्याकाळपर्यंत तेच डोक्यात. घरी आल्या आल्या बाबांना विचारलं, पिशवी कुठे ठेवता हो?
‘मागच्या दाराशी ती आडवी दांडी नाही का, हलते ती. तिलाच अडकवतो.’
जन्मभर बसमध्ये कंडक्टर! दांडी दिसली की पिशवी अडकवणारच. हसून हसून पोट दुखलं. बाबांना कळेना काय झालं ते.

७ मार्च
गुडघा बरा वाटला म्हणून बाबा आले, आल्या आल्या त्यांच्या हातातली पिशवी तोलली - डबा, पाण्याची बाटली, दोन संत्री. तेवढं वजन माझ्याकडच्या टोकाला वाढवलं. दिवसभर एकही रोल बिघडला नाही! फोरमन हसतायत, मिशी खाली आलीय.
बाबांना सांगितलं, आता पिशवी दांडीला लावायची नाही. त्यांचा चेहरा एवढासा झाला. ‘म्हणजे आता नको यायला?’
म्हटलं, भिंतीत खिळा ठोकून घेतलाय तुमच्यासाठी.

८ मार्च
गिऱ्हाईकाने रोल उभे केले, आडवे केले, वाजवून पाहिले. पसंत! मशीन माझं!!

१० मार्च, सोमवार
निघताना मागून हाक आली, ‘अगं, डबा!’ ऐकू न आल्यासारखं करून भराभर जिना उतरले.
पहिल्या दिवशी खरंच विसरले होते. त्यानंतर रोज आठवणीने ओट्यावर ठेवून येते.