त्या वर्षीचा चुना

प्रिय जयवंतीमावशी,

तुला वाचता येत नव्हतं. तरी लिहितेय. गेल्या गुरुवारी पाड्यावर बैठक झाली आणि तिथं तुझं नाव निघालं. पुढं जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं होतं. तळासरीत पाच वर्षं राहतेय, पण असं काही सांगायला मला एकच घर होतं. ते तुझं.

बैठक चुन्याचीच होती. आमच्या संस्थेनं यंदा पुन्हा माती तपासून घेतली आणि वरच्या अंगाच्या सगळ्या जमिनी आंबट निघाल्या. अकरा घरांनी चुनखडीची भुकटी टाकायला नावं दिली होती. मी खूश होते. तेवढ्यात तुझा पुतण्या लहानू उठला आणि म्हणाला, "टाकायचा तर नीट टाकायचा. काकीनं घाई केली तसं नको."

सगळे हसले. वाईट नाही हसले, तुझी आठवण निघाली म्हणून हसले. मी मात्र खाली बघत राहिले.

मी इथं आले ते २०१४ च्या दिवाळीनंतर. आमचं गाव करमाळ्याकडं. तिकडं नांगर घातला की पांढरे चुनखडे वर येतात, जमिनीत चुना जास्त झाला अशीच तक्रार असते. चुना कमी पडलेली जमीन मी फक्त पुस्तकात वाचली होती. आणि इथं मी शेतकऱ्यांना शिकवायला आले होते.

तुझ्या अंगणात पहिल्यांदा आले तेव्हा मी "तुम्ही कसं करता, तुम्ही काय पेरता" असं विचारत होते. तू म्हणालीस, "मला तुम्ही नको बोलू, बाय. मी काय सायब हाय?" त्या दिवसापासून तू मला बाय आणि मी तुला मावशी. आईशिवाय दुसऱ्या कुणाला मी इतक्या लवकर अगं-तुगं केलं नव्हतं.

रविवारी हायवेलगतच्या माझ्या खोलीवर बसवायचं नाही. दिवसभर ट्रकचा आवाज, आणि बोलायला माणूस नाही. मग मी तुझ्याकडं यायचे. तू नाचणीची भाकर द्यायचीस आणि काही विचारायची नाहीस. मी आईशी फोनवर भांडून आले असले तरी तुला कसं कळायचं? त्या दिवशी तू मला मुद्दाम काम द्यायचीस, शेंगा सोलायचं नाहीतर अंगण झाडायचं.

उतारावरच्या तुझ्या तुकड्यातली माती आपण दोघींनी काढली, आठवतं? मी कुदळीनं खड्डा घेत होते आणि तू म्हणत होतीस, "मातीला पण दवाखान्यात नेतेस?" कागद आला तेव्हा मी वाचून दाखवलं, माती आंबट आहे. तू चिमूटभर जिभेवर ठेवलीस. "आंबट तर नाय लागत."

मी समजावलं, ते जिभेला कळत नाही, मुळांना कळतं. इथला पाऊस वर्षानुवर्षं मातीतला चुना धुऊन नेतो. मग शेणखत घातलं तरी पिकाला ते नीट लागू पडत नाही. तू उताराकडं बघितलंस. म्हणालीस, "सासू होती तेव्हा इथं उडीद गुडघ्याला लागायचा. मला वाटलं, माझाच हात वाईट."

हे ऐकून मी ठरवलं, या तुकड्यात उडीद गुडघ्यापर्यंत आणून दाखवायचा. तुझ्यासाठी, असं तेव्हा मी स्वतःला सांगत होते. खरं सांगू? तो मला माझ्यासाठीही हवा होता.

नंतर जे केलं ते मी तुला एकदा सांगितलं होतं. आज पुन्हा सगळं सांगते. चुना उन्हाळ्यात टाकून मातीत मिसळायचा आणि पेरणीपर्यंत तीन-चार आठवडे थांबायचं, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मी मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेले आणि रमले. परत आले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. चुनखडीची भुकटी कुठं मिळेना, म्हणून मी कळीचा चुना आणला. भुकटी म्हणजे नुसता दळलेला दगड, सौम्य. कळीचा चुना भाजलेला, कडक. पत्रकातलं वजन भुकटीचं होतं. मी तेवढंच वजन कळीच्या चुन्याचं टाकायला लावलं. आणि चार दिवसांत पेर म्हणाले.

तू विचारलंसही. "बाय, हा हाताला भाजतो. बियाला नाय भाजणार?"

मी म्हणाले, "नाही भाजणार."

ते बी तुझ्या सासूपासून चालत आलेलं होतं. राखेत घोळून मडक्यात ठेवायचीस. त्या मडक्यातलं सगळं बी तू पेरलंस, माझ्या एका शब्दावर.

निम्मं उगवलंच नाही. जे उगवलं ते पिवळं पडून गेलं. पाड्यावर लहानू सांगत सुटला, "काकीनं शेताला पान खायला घातलं." मी खोलीवर जाऊन पत्रक पुन्हा वाचलं तेव्हा चूक माझीच होती हे कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुझ्याकडं आले आणि रडत रडत सगळं सांगितलं. तू चुलीपुढून उठलीही नाहीस. एवढंच म्हणालीस, "बियाचं वाईट वाटलं."

आठवड्यानं आमच्या संस्थेचे सर पाहणीला आले. तुकड्याच्या कडेला उभं राहून त्यांनी विचारलं, असं कसं झालं? मी तोंड उघडणार होते. निदान मला तसं वाटतं. पण तू आधीच बोललीस. "मीच घाई केली, सायब. बायनं सांगितलेलं थांब म्हणून." सरांनी वहीत तसं लिहून घेतलं. मी तिथंच उभी होते, मावशी. तुझ्यापासून दोन हातांवर. आणि मी गप्प राहिले.

सर गेल्यावर मी तुझ्यावर चिडले, असं का केलंस म्हणून. तू म्हणालीस, "तुझं काम गेलं तर तू जाशील. मला इथून कोण काढणार?"

काढलं नाही कुणी, पण लोकांनी तुला नाव ठेवलं. चुनेवाली म्हातारी. तू हसून सोडून द्यायचीस म्हणून मीही मनाला लावून घेतलं नाही. पण पाड्यावरच्या एका लग्नात, मांडवात, कुणीतरी तंबाखूची डबी पुढं करून म्हणालं, "चुना तुझ्याकडंच मागायला पाहिजे," आणि सगळा मांडव हसला. तू जेवण अर्ध्यावर ठेवून घरी गेलीस. मी त्याच पंगतीत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायले.

पुढच्या उन्हाळ्यात तू स्वतःहून म्हणालीस, "परत टाकू. तू नीट वाचून घे." माझा तर धीरच नव्हता. तू एसटीनं सायवनला बहिणीकडं गेलीस आणि ओंजळभर उडीद घेऊन आलीस, कारण कधीकाळी तूच तिला ते बी दिलेलं होतंस. या खेपेला आपण भुकटी मिळवली, थोडीच, चार गुंठ्यांपुरती. मे महिन्यात टाकली, मातीत मिसळली आणि वाट बघत बसलो.

भाद्रपदात तू एक रोप उपटून माझ्यासमोर धरलंस. मुळांना गाठी होत्या. एक गाठ नखानं फोडलीस, आत गुलाबी. "हे चांगलं की वाईट?" मी म्हणाले, चांगलं, मावशी, फार चांगलं, मुळं जोमात आहेत. तू ते रोप परत मातीत खोचायला लागलीस. आता ते जगणार नाही, असं मला सांगवलं नाही. उडीद गुडघ्यापर्यंत आला नाही, थोडा खालीच राहिला. पण मडकं भरलं.

त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात माझ्या आईचं ऑपरेशन झालं आणि मी गावी अडकले. तुला ताप आला, चार दिवसांत तू गेलीस. मी आले तेव्हा तुझे दिवसही होऊन गेले होते. निरोप का नाही पाठवलास गं? का सांगितला होतास आणि कुणी पोचवला नाही? तुझ्या सुनेनं, सवितानं, मला पाणी दिलं. तिचा नवरा गुजरातेत कंपनीत, ती एकटी. पाणी पिऊन मी उठले. त्यानंतर मी रविवारी खोलीवरच बसायला लागले. ट्रक मोजायची सवय लागली मला.

आता गुरुवारचं सांगते. सगळे हसत होते आणि सविता दाराशी उभी होती. ती हसत नव्हती. मी उठले. म्हणाले, "लहानूदादा, काकीनं घाई केली नव्हती. चुना चुकीचा मी आणला. वजन मी चुकवलं. चार दिवसांत पेर असं मीच सांगितलं. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते खोटं चालू दिलं."

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मग एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "मग आता तुझं कसं खरं मानायचं?" अकरातल्या चौघांनी नावं काढून घेतली. लहानू जाताना माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी काकीला किती बोललो." तो रडवेला झाला होता. सविता तर कधीच निघून गेली होती.

शनिवारी मी तिच्याकडं गेले. तिनं बस म्हटलं नाही. म्हणाली, "आत्या हसायची ते बाहेर. घरात नाय हसायची. त्या लग्नापासून ती कुणाच्या मांडवात गेली नाय. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. दर रविवारी येऊनही माहीत नव्हतं. मावशी, हे तू मला का सांगितलं नाहीस? मी भांडून आले की तू ओळखायचीस, आणि तू कुठं जायचं सोडलंस ते मी बघितलंही नाही.

मी अंगणात उभीच राहिले. मग सविता म्हणाली, "तो तुकडा परत आंबट झाला का?" मी म्हणाले, झाला असणार, पावसात चुना टिकत नाही, काही वर्षांनी परत टाकावा लागतो. ती म्हणाली, "मग तू ये. दुसऱ्याला पाठवू नको. माझ्यासमोर वजन कर, तुझ्या हातानं टाक. आणि उगवेपर्यंत गावी जाऊ नको." मी होय म्हणाले. तिनं दार लोटून घेतलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही.

सरांनाही काल कळवलं. पुढं काय होईल ठाऊक नाही. काम राहिलं तर राहील, नाही राहिलं तरी मे महिन्यात मी इथंच असेन. आता तुला शब्द देते. सविताच्या तुकड्यात भुकटी मी माझ्या हातानं टाकीन आणि कोंब वर येईपर्यंत तळासरी सोडणार नाही. आणि यापुढं ज्या ज्या पाड्यावर चुन्याची बैठक घेईन, तिथं चूक कशी होते याचा दाखला देताना नाव माझं घेईन. तुझं नाव निघेल ते दुसऱ्या वर्षीच्या उडदासाठी.

जिनं तुझ्या जागी बोलायला हवं होतं, ती,
वैशाली