अबोलीची वेणी आणि नावाचा नियम

आई, आज बाजारातून अबोली आणली आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता पत्र लिहिणं म्हणजे खुळेपणाच, पण लिहिते.

आपलं भिसेगावचं स्वयंपाकघर आठवतंय, त्या दिवशीचं. दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागासाठी माझी परीक्षा होती. बाबांनी बजावलं होतं, पास झालीस तर खुशाल नोकरी कर, नाहीतर नेरळच्या स्थळाला होकार कळवतो. स्थळ वाईट नव्हतं, पण मला नोकरीच हवी होती. आणि माझं घोडं एका नियमापाशी अडलं होतं. प्रोग्रॅममध्ये नाव कसं असावं हे पुस्तकात चिन्हांनी मांडलं होतं: नाव म्हणजे अक्षर, किंवा नाव आणि पुढे अक्षर, किंवा नाव आणि पुढे अंक. नावाचा अर्थ सांगताना पुन्हा नावच. मला ती शुद्ध फसवणूक वाटत होती.

तू दारात पाटावर बसून शेजारच्या हळदीसाठी वेणी बांधते आहेस. केळीच्या सोपटाच्या वाळक्या दोऱ्यात अबोली, मधे मधे मरव्याची पानं. मी पुस्तक आपटते. तू मान वर न करता म्हणतेस, "पुस्तकावर कशाला राग काढतेस गं? काय आडलंय ते मला सांग."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाय कळलं तर नाय कळलं. तू सांग तरी."

दुसरं काही सुचेना, म्हणून तुझीच वेणी घेतली. फूल म्हणजे अक्षर, मरवा म्हणजे अंक. एक फूल बांधलं की वेणी सुरू झाली. त्या वेणीला फूल जोडलं तरी वेणीच, मरवा जोडला तरी वेणीच. बोलता बोलता उमगलं, नियमातलं दुसरं नाव म्हणजे आधीच बांधून झालेली वेणी. फसवणूक कुठेच नव्हती. मला इतका आनंद झाला की पुढचंही सांगत सुटले. अंकानं सुरुवात केली तर मशीनला वाटतं, ही नुसती संख्या आहे.

"म्हंजे आधी पान दिसलं की त्याला तोरण वाटतं," तू हसलीस. "येडंच हाय तुजं मशीन." मग उरलेल्या फुलापानांची एक वेणी माझ्यासाठी बांधलीस.

परीक्षेत तोच प्रश्न आला. केसांतल्या मरव्याचा वास येत होता आणि मी न अडखळता लिहीत होते. बाबांनी नेरळला नकार कळवला. तू मात्र आळीभर सांगत फिरलीस, पोरगी माज्या वेणीनं पास झाली. खरंच होतं ते.

पुढे नोकरीत नव्या मुलांना शिकवताना मी दर वेळी फळ्यावर वेणीच काढली. सगळ्यांना कळायची. आज नातीनं वेणी मागितली. सोपट भिजवून बसले, नियम तर तोंडपाठ. बांधते आणि सुटते, बांधते आणि सुटते. गाठ कशी मारतात ते तुला विचारायचं राहूनच गेलं, आई. नातीला मी सोपट खराब निघालं म्हणून सांगितलंय.